‘वेडा ठरवू, केस संपेल’ असं वकील म्हणतात. खरं आहे का?

पत्र थोडक्यात असं:

‘माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. नऊ वर्षं स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते. मागच्या वर्षी “मी आता बरा आहे” म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या. शेजाऱ्यांनी भिंतीत यंत्र बसवलंय, त्यातून ते माझे विचार ऐकतात, असं म्हणायला लागला आणि एका सकाळी त्याने शेजारच्या काकांच्या डोक्यात पहार घातली. काका वाचले. भाऊ पाच महिने तुरुंगात आहे. खुनाच्या प्रयत्नाचं कलम आहे, दोषारोपपत्र दाखल झालंय, केस सेशन्स कोर्टात आहे. पुढच्या तारखेला वकील “मेडिकल” मागणार आहेत. ते म्हणतात, एकदा वेडा ठरला की केस संपली, घरी घेऊन जा. आई म्हणते, असला शिक्का नको. भाऊ म्हणतो, मला काही झालेलं नाही, मी जजसाहेबांना यंत्राचा पुरावा देणार, आणि हा वकील शेजाऱ्यांना फितूर आहे. डॉक्टर त्याला काय विचारतात? आम्ही त्याची तयारी करून घ्यावी का? – एक बहीण’

ताई,

वकिलांचं म्हणणं खरं नाही. केस थांबते, संपत नाही. आणि थांबलेली केस कधी कधी चालू केसपेक्षा जास्त वर्षं खाते. मी सरकारी मनोरुग्णालयात नोकरी केली, अशा तपासण्या केल्या, त्यांवर कोर्टात साक्षीला उभी राहिले. तुमच्या वकिलांसारखं बोलणारी चांगली, कष्टाळू वकील मंडळीही मी पाहिली आहेत. त्यांचा घोटाळा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो. दोन वेगळे प्रश्न ते एकाच अर्जात कोंबतात.

पहिला प्रश्न त्या सकाळचा. पहार उचलली तेव्हा आपण काय करतोय, ते चूक आहे किंवा कायद्याविरुद्ध आहे, हे मनाच्या आजारामुळे त्याला कळतच नव्हतं का? हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा मुद्दा, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं कलम ८४. त्याचा निर्णय खटल्याच्या शेवटी, पुरावा बघून होतो, आणि ते दाखवून देण्याची जबाबदारी बचाव पक्षावर असते. दुसरा प्रश्न आजचा. आज, या घडीला, स्वतःचा बचाव करण्याइतकं त्याचं मन ठिकाणावर आहे का? हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६८ चा मुद्दा. १ जुलै २०२४ च्या आधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२९ मध्ये होता. पुढच्या तारखेला वकील जे ‘मेडिकल’ मागणार आहेत, त्यात फक्त हा दुसरा प्रश्न सुटणार आहे.

दोन्हींची उत्तरं उलटसुलट येऊ शकतात. घटनेच्या वेळी पूर्ण भ्रमात असलेला माणूस तुरुंगात तीन महिने नीट औषध घेऊन खटल्याला अगदी योग्य असू शकतो. उलट, शुद्धीत गुन्हा केलेला माणूस कोठडीत आजारी पडून किंवा डोक्याला मार लागून बचाव करण्याच्या स्थितीत राहत नाही. त्याची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही, पण खटला मात्र थांबवावा लागतो. जो माणूस आपल्यावर काय बालंट आलंय हे समजून घेऊ शकत नाही, साक्षीदार खोटं बोलला तर वकिलाच्या कानात सांगू शकत नाही, त्याच्यावर खटला चालवणं म्हणजे तो गैरहजर असताना चालवण्यासारखंच आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, डॉक्टर काय विचारतात.

कायद्यात यादी नाही. ‘मनाने विकल आणि त्यामुळे बचाव करण्यास असमर्थ’ एवढंच म्हटलंय. यातल्या ‘त्यामुळे’ला फार महत्त्व आहे. नुसतं निदान पुरत नाही. स्किझोफ्रेनिया असलेली कितीतरी माणसं खटल्याला योग्य असतात. त्यांना भास होत असतील, पण कोर्टाच्या कामाशी त्या भासांचा संबंध नसतो. म्हणून तपासणारा डॉक्टर आजार शोधून थांबत नाही, त्या आजाराने बचावाचं नेमकं काय बिघडवलंय ते बघतो. साधेच प्रश्न असतात. तुझ्यावर काय आरोप आहे? तो किती गंभीर आहे, शाबित झाला तर काय होईल? कोर्टात कोण कोण असतं? जज काय करतात, सरकारी वकील कोणाच्या बाजूने असतो, तुझा वकील कशासाठी असतो? ‘गुन्हा कबूल आहे का’ असं विचारलं तर हो म्हटल्याने काय होतं, नाही म्हटल्याने काय होतं? साक्षीदार चुकीचं बोलला तर तू काय करशील? तास-दोन तास शांत बसू शकशील का? वकिलांशी काय बोलणं झालं?

हे एकाच बैठकीत उरकत नाही, उरकू नये. बरेचदा आरोपीला काही दिवस निरीक्षणासाठी वॉर्डात ठेवतात. आपल्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत असे रुग्ण पोलीस गार्डासह येतात. तो झोपतो कसा, जेवतो कसा, एकटाच हसतो का, दुसऱ्या रुग्णांशी कसा वागतो, याच्या नोंदी सिस्टर आणि वॉर्डबॉय ठेवतात. माझ्या अनुभवात त्या नोंदी डॉक्टरच्या तासाभराच्या मुलाखतीपेक्षा बोलक्या असतात. गरज वाटली तर बुद्धिमापन, स्मृतीच्या चाचण्या होतात. जुने कागद मागवतात, नातेवाइकांना बोलावतात.

तुमच्या भावाच्या बाबतीत खरी गोम वेगळ्याच जागी आहे, आणि ती तुमच्या पत्रातल्या एका ओळीत आहे. ‘हा वकील शेजाऱ्यांना फितूर आहे.’ कोर्टाची माहिती विचारली तर तो सगळं बरोबर सांगेल असं मला वाटतं. जज कोण, कलम कोणतं, शिक्षा किती, बहुधा पाठ असेल. तुरुंगात पाच महिन्यांत कुणीही कायद्यात तयार होतं. घाईत असलेला डॉक्टर एवढ्यावर ‘फिट’ लिहून मोकळा होईल. पण माहिती असणं आणि ती स्वतःच्या खटल्याला शहाणपणाने लावता येणं यात फरक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली डस्की खटल्यात हेच म्हटलं होतं. आरोपीला तारीख-ठिकाण कळतं, घडलेलं थोडंफार आठवतं, एवढं पुरेसं नाही. त्याला वकिलाशी विचारपूर्वक सल्लामसलत करता आली पाहिजे आणि कार्यवाहीची तर्कशुद्ध समज पाहिजे. आपल्या कोर्टांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण तपासणाऱ्यांना फार उपयोगी पडतो. तुमचा भाऊ स्वतःच्या वकिलाला कटातला माणूस समजत असेल, तर तो त्याला खरं सांगणार नाही, त्याचा सल्ला ऐकणार नाही, आणि कोर्टात उभा राहून भिंतीतल्या यंत्राचा पुरावा मांडेल. म्हणजे जो बचाव त्याला खरोखर वाचवू शकतो, आजारपणाचा, तोच तो स्वतःच्या हाताने फेकून देईल. ‘मला काही झालेलं नाही’ हे त्याचं वाक्य अहवालात कुठे बसतं ते यावरून तुमच्या लक्षात येईल.

अर्थात वकिलावर नुसता राग किंवा अविश्वास असणं म्हणजे आजार नव्हे. वकील तुरुंगात एकदाही भेटायला गेला नसेल आणि आरोपी म्हणत असेल की याला माझ्याशी देणंघेणं नाही, तर तो शहाणाच म्हणायचा. त्यामुळे चांगला डॉक्टर विचारतो, फितूर आहे हे तुला कशावरून कळलं? उत्तर ‘तो फोन उचलत नाही’ असेल तर एक गोष्ट, ‘त्याच्या चष्म्यातून मला सिग्नल येतो’ असेल तर दुसरी.

तयारी करून घ्यावी का? नको. अजिबात नको. ‘असं वेड्यासारखं बोल’ असं शिकवलेला माणूस फार लवकर उघडा पडतो. सोंग घेणारे बहुतेक जण आजार गडद रंगवतात. सगळी लक्षणं एकदम सांगतात, अगदी सोप्या प्रश्नाचं मुद्दाम चुकीचं उत्तर देतात, डॉक्टर समोर असला की बरळतात आणि रात्री वॉर्डात पत्ते खेळतात. खऱ्या आजारी माणसाला थोडं सोंग शिकवलं तर आणखी वाईट होतं, कारण एकदा अहवालात ‘बनाव करतो’ असं आलं की त्याचं खरं दुखणंही कुणी मानत नाही. आणि तुमच्या भावासारखे रुग्ण तर उलट करतात. ते आजार लपवतात. तेव्हा त्याला शिकवू नका, आणि तुम्ही स्वतः डॉक्टरांपासून काही लपवू नका.

तुमची तयारी मात्र हवी. नऊ वर्षांचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधाच्या चिठ्ठ्या, जमली तर मेडिकल स्टोअरची बिलं गोळा करा. गोळ्या कधी बंद झाल्या, यंत्राबद्दल पहिल्यांदा कधी बोलला, झोप कधी उडाली, हे तारखांसकट एका कागदावर लिहून काढा. त्याने तेव्हा पाठवलेले मेसेज असतील तर पुसू नका. एक संच वकिलांना द्या. दुसरा संच तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्जासोबत द्या आणि प्रतीवर पोहोच घ्या. हेच कागद पुढे त्या पहिल्या प्रश्नाला, कलम २२ ला, लागणार आहेत. त्या सकाळच्या मनःस्थितीचा पुरावा म्हणजे त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांतलं वागणं. पाच महिन्यांनी केलेली तपासणी तिथे थोडीच कामाला येते.

अर्ज दिल्यावर साधारण असं होतं. आरोपी बचाव करू शकत नाही असं कोर्टाला वाटलं तर खटला पुढे नेण्याआधी तोच मुद्दा तपासावा लागतो. सरकारी डॉक्टरांकडून तपासणी होते, पुढे सरकारी रुग्णालयातले किंवा वैद्यकीय महाविद्यालयातले मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोर्टाला कळवतात. त्यांचं म्हणणं आरोपीला मान्य नसेल तर वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येतं. त्यात जवळच्या सरकारी रुग्णालयाचे मनोविकार विभागप्रमुख आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले एक प्राध्यापक असतात. पण डॉक्टर फक्त मत देतात. निर्णय कोर्टाचा. अहवालात ‘अनफिट’ आलं तरी कोर्ट स्वतंत्रपणे ठरवतं.

आणखी एक तरतूद बरेच जण विसरतात. आरोपी असमर्थ आहे असं ठरलं तर कोर्टाने सरकार पक्षाचे कागद बघायचे असतात, आरोपीला काहीही न विचारता, फक्त त्याच्या वकिलाचं ऐकून. प्रथमदर्शनी केसच दिसत नसेल तर त्याला दोषमुक्त करायचं. तुमच्याकडे जखमी काका आहेत, डॉक्टरी दाखले आहेत, तेव्हा ही आशा धरू नका. केस दिसली तर उपचाराला लागेल तेवढा काळ खटला तहकूब होतो, आणि तो बरा झाला की पुन्हा सुरू होतो. कारण बौद्धिक अक्षमतेचं असेल, म्हणजे जन्मापासूनची समजच कमी असेल, तर मात्र खटला चालवत नाहीत, कारण तिथे वाट बघून काही बदलणार नसतं. तुमच्या भावाला ते लागू नाही. त्याचा आजार औषधाने आटोक्यात येणारा आहे, नऊ वर्षं येतच होता.

मग तहकुबीच्या काळात तो कुठे असेल? नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६९ म्हणतं, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, दाखल करून उपचार देण्याची गरज नसेल आणि कुणी नातेवाईक किंवा मित्र दोन गोष्टींची हमी देत असेल, तर जामिनावर सोडता येतं. नियमित उपचार करून घेईन ही एक, आणि तो स्वतःला किंवा इतरांना इजा करणार नाही याची काळजी घेईन ही दुसरी. ‘घरी घेऊन जा’ असं वकील म्हणाले ते बहुधा याच भरवशावर. पण हमीपत्रावर सही तुमची आहे, त्यांची नाही. आणि न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतील की तो राहणार कुठे? ज्या भिंतीत यंत्र आहे असं त्याला वाटतं, त्या भिंतीच्या अलीकडे? पलीकडे डोक्याला टाके पडलेले काका राहतात. त्यांनाही जगायचंय. त्याच घरी न्यायचा विचार असेल तर मी न्यायाधीश असते तरी नाही म्हटलं असतं. दुसऱ्या गावचा पत्ता, घरात सतत असणारं माणूस, गोळी समोर बसून गिळायला लावणारा कुणीतरी, किंवा तो तोंडाने घेत नसेल तर महिन्याचं इंजेक्शन, आणि ओपीडीची तारीख, एवढं जुळवून मग हमी द्या. जुळत नसेल तर देऊ नका. सत्तरीच्या आईच्या अंगठ्यावर दिलेली हमी मी फार पाहिली आहे.

हमी नसेल तर त्याला नियमित मानसोपचार मिळतील अशा ठिकाणी ठेवलं जातं. तुम्ही जागं राहायला हवं ते इथे. सर्वोच्च न्यायालयापुढे १९८२ साली वीणा सेठी खटल्यात हजारीबागच्या तुरुंगातले असे कैदी आले, जे मनाने आजारी म्हणून ठेवले गेले आणि बरे झाल्यावरही वर्षानुवर्षं तिथेच राहिले, काही जण वीस-तीस वर्षं. आसाममध्ये १९५१ साली पकडलेला एक माणूस २००५ मध्ये सुटला. खटला चाललाच नव्हता. डॉक्टरांनी १९६७ साली त्याला बरा म्हटलं होतं, ते कागद पुढे कुणी हलवले नाहीत. आज इतकं टोकाचं घडेल असं मी म्हणत नाही, पण लहान प्रमाणात हेच चक्र मी पाहिलंय. रुग्णालय ‘फिट’ लिहून परत पाठवतं, तारीख चार महिन्यांनी लागते, तुरुंगात औषध बदलतं किंवा तुटतं, आणि तारखेला माणूस पुन्हा बरळत उभा. पुन्हा ‘मेडिकल’. तुरुंगातले जुने लोक ‘अर्धी शिक्षा भोगली की जामीन’ असं सांगतील. तो नियम जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्याला लागू होत नाही, आणि खुनाच्या प्रयत्नात दुखापत झाली असेल तर जन्मठेपेची तरतूद आहे. म्हणून ‘अनफिट’ ठरवून घेण्यात जिंकल्यासारखं काही नाही. तो आज खरोखर असमर्थ असेल तर तसं ठरणं न्याय्यच आहे, कारण त्या अवस्थेत खटला चालला तर त्याचं नुकसान होईल. पण तुमचं लक्ष्य तो लवकर बरा होऊन खटल्याला उभा राहावा आणि कलम २२ चा मुद्दा नीट मांडला जावा हे असलं पाहिजे. औषध घेऊन शुद्धीवर असलेला आरोपी योग्यच मानला जातो. गोळ्यांवर आहे म्हणून कुणी अयोग्य ठरवत नाही. फक्त डोस इतका नको की तो कोर्टात पेंगेल. तसं दिसलं तर डॉक्टरांना सांगा.

कलम २२ खाली सुटला तरी तो त्याच संध्याकाळी घरी येईल असं नाही, हेही ऐकून ठेवा. कृत्य त्यानेच केलं असं निकालात आलं तर त्याला सुरक्षित जागी ठेवायचं की नातेवाइकांच्या हमीवर द्यायचं, हे कोर्ट ठरवतं. तिथेही तुमची व्यवस्था बघितली जाते.

आईंना सांगा, शिक्का वगैरे काही बसत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ स्पष्ट म्हणतो की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो विकल मनाचा आहे असं धरता येत नाही, ते सक्षम न्यायालयानेच ठरवायचं. आणि कोर्ट जे ठरवेल ते या खटल्यापुरतं, त्या तारखेपुरतं. पुढे बरा झाल्यावर ते बदलतं. नऊ वर्षं त्याच्यावर उपचार झाले तेव्हा गल्लीला काय ते कळलंच असेल. आता लाजेपायी कागद दडवले तर त्याचं नुकसान होईल.

वकील बदलायची घाई करू नका. कलम २२ आणि कलम ३६८ यांचे मुद्दे वेगळे कसे मांडणार, हे त्यांना शांतपणे विचारा. उत्तर गोलमाल आलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तुरुंगात भावाला भेटायला गेलात की यंत्रावरून वाद घालू नका, आणि ‘हो, आहे यंत्र’ असंही म्हणू नका. त्याला एवढंच सांगा की डॉक्टर भेटतील, जे वाटतं ते खरं सांग, पण हे डॉक्टर कोर्टाने पाठवलेले आहेत, तू बोलशील ते जजपर्यंत जाऊ शकतं. त्या सकाळबद्दल विचारलं तर आधी वकिलांशी बोल. खटल्याला योग्य आहे का हे ठरवायला घटनेची कहाणी लागत नाही, आणि जाणता डॉक्टर ती अहवालात घालतही नाही. वकिलांना म्हणावं, तपासणीआधी निदान दोनदा त्याला प्रत्यक्ष भेटा, तुमच्या किंवा आईच्या मार्फत निरोप नको. तो बोलायला नकार देईल, चष्म्याकडे बोट दाखवेल, कागद फाडेल. जे होईल ते त्यांनी तारखेसह लिहून ठेवावं आणि ती टिपणं अर्जाला जोडावीत, त्याने सांगितलेली घटनेची हकिकत मात्र वगळून. तो आपल्या वकिलाबरोबर काम करू शकतो का, हे तपासणाऱ्या डॉक्टरला त्याहून नेमकेपणाने दुसरं कुणी सांगू शकणार नाही.